तोंडी परीक्षा

ऑफिसात इंग्रजीतून फोन आला की मी तो शेजारच्या टेबलाकडे सरकवते. बारावीला तोंडी इंग्रजीत मला पैकीच्या पैकी मार्क होते.

इंग्रजी साहित्य हा विषय मी हट्टाने घेतला होता. त्यासाठीच चांदवड सोडून नाशिकला मावशीकडे राहायला आले. मराठी शाळेतली मी. इंग्रजी वाचता यायचं, लिहिता यायचं, बोलायला गेलं की दातखीळ बसायची. दोन वर्षांत घडाघडा बोलायला लागेन, अशी माझी भाबडी समजूत.

वर्गात सर कवितेची ओळ वाचत, मराठीत अर्थ सांगत आणि उत्तर लिहून देत. एकदा धीर करून मी विचारलं, "सर, तासाला थोडं इंग्रजीत बोलूया का?"

"बोलायचं ते तोंडीला. आधी पोर्शन संपू दे गं."

मग मी तोंडी परीक्षेचीच वाट बघत बसले. 'तुझे वडील काय काम करतात?' हा प्रश्न तिथे ठरलेला असतो, असं ऐकलं होतं. माझे वडील चांदवडच्या बाजारात कांद्याचा लिलाव पुकारतात. दिवसभर ट्रॉल्यांमधून बोली चढवत फिरायचं, संध्याकाळी घसा बसलेला. तेच मी इंग्रजीत सांगणार होते. नाशिकच्या द्वारका चौकात गाड्यांच्या गोंगाटात मोठमोठ्याने सराव करायचे. तिथे कोणाला ऐकू जाण्याची भीती नव्हती.

परीक्षेच्या दिवशी सर नंबर विचारत होते आणि मार्क टाकून पुढच्याला बोलावत होते. मी "गुड मॉर्निंग सर" म्हटलं, पुढचं वाक्य तोंडात तयार होतं.

"तुला पैकीच्या पैकी. पुढचीला पाठव."

"सर, मी तयारी केलीय."

"माहितीये गं, म्हणून तर दिले," ते अगदी मायेने म्हणाले. त्या मायेचा मला आजही राग येतो. बाहेर मैत्रिणी खुशीत होत्या. मी जिन्यात जाऊन रडले.

निकालानंतर मी चांदवडला गेले. बाजारात दक्षिणेकडचा एक व्यापारी आला होता. त्याला मराठी येत नव्हती, हिंदीही जेमतेमच. वडिलांनी मला लगबगीने बोलावून घेतलं. "ये गं बाई, शेठशी बोल. लय शिकलीय तू."

व्यापाऱ्याने हळू, सोप्या इंग्रजीत विचारलं, तुझे वडील इथे काय काम करतात?

तोच प्रश्न. उत्तर अक्षर न् अक्षर पाठ होतं. पण माझं ऐकायला खरंच कोणी समोर उभं राहण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. शेठ थांबला. हमाल थांबले. वडील माझ्या ओठांकडे बघत होते.

मग त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि स्वतःच्या घोगऱ्या आवाजात शेठला म्हणाले, "इसका गला बैठ गया है."