आक्काची राखीव नदी

ये मंजिरी, अशी जवळ येऊन बस. आमच्या सणसरवरून तुझी गाडी कितीदा जाते, आणि तुला आत वळायला होत नाही होय गं? फोन करतेस, 'काकू' म्हणतेस आणि रडायला लागतेस. मग मी काय बोलायचं? म्हणून हे लिहायला घेतलं. पेपरच्या पुरवणीत छापून आलं तर तुला वाचावंच लागेल, आणि मला मधे थांबवता यायचं नाही.

वाचणाऱ्यांना आधी सांगते. आक्का म्हणजे शालन, माझी थोरली जाऊ. मंजिरी म्हणजे बारामतीची, हातापायांचे व्यायाम करवून घेणारी डॉक्टर. आक्का वारली ती पळसदेवला, माहेरी, भावाच्या ओट्यावर. सकाळी मंजिरीबरोबर पाण्यावरून आली, चहा घेतला, कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकली... तेवढंच. मला फोन आला तो मंजिरीचा. भावाचा नाही, भावजयीचा नाही, मंजिरीचा! मी गोठ्यात होते, म्हशीची धार अर्धी राहिली. रडू मागनं आलं. खरं सांगायचं तर आधी मनात आलं ते हे, की शेवटचा चहा हिनं केला. उभ्या जन्मात त्या बाईच्या चहात आलं किती घालायचं ते मी ठरवलं, आणि शेवटचा कप परक्या पोरीच्या हातचा. हे मनातून अजून गेलेलं नाही. जाईल असं वाटतही नाही.

मी माहेरची काटेवाडीची. पाणी म्हणजे पाटाला पाळी आली की उसात जाऊन दारं धरायची, इतकंच मला ठाऊक. पायाखालची जमीन सुटेल एवढं पाणी मी कधी अंगावर घेतलं नाही. आक्काचं तसं नव्हतं. उजनी धरणाचं पाणी जुन्या पळसदेवात चढलं तेव्हा ती परकरातली पोर होती. पलीकडं उरलेल्या रानात जायला वडलांनी होडी केली, आणि वल्हं हिच्या हाती आलं. लग्न होऊन हितं आली आणि ते सुटलं. ऊस, म्हशी, पोरंबाळं, आला-गेला... पण उन्हाळ्यात पाणी उतरून जुन्या देवळाचं शिखर वर आलं, की तिचं घरात चित्त राहायचं नाही. मला बरोबर घेऊन जायची. मी काठावर दगडावर बसायची आणि ती लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात उभी राहायची. "ये की गं सुमे, काय वाघ हाय का पान्यात?" "न्हाय बाई, तुजं तूच भिज," मी म्हणायची. तिचं पाणी आणि माझा काठ, असं आमचं बरं चाललं होतं. तिसरं कुणी मधे नव्हतं.

भाऊजी, आक्काचे मालक, गेले त्या वर्षी तिचा उजवा खांदा धरला. वेणी घालता येईना. मी तेल चोळून थकले, मग तिला बारामतीला मंजिरीकडं नेलं. मीच नेलं, बरं का! हिनं हात वर करायला लावला, खाली करायला लावला, आणि बोलता बोलता म्हणाली, मी सुट्टीच्या दिवशी उजनीच्या पाण्यात कयाक चालवते. आक्का तशीच उठून बसली. "म्हंजी होडी? मला ईती की चालवाया!" झालं. पुढच्याच रविवारी मी काठावर, आणि त्या दोघी पाण्यात. केशरी प्लास्टिकची होडी, वालाच्या शेंगेसारखी लांबट, आत बसायला दोन खळगे. पुढच्यात आक्का, मागच्यात ही. काठावर बसलेलीसाठी तिसरा खळगा कुणी ठेवलेला नव्हता. खांदा बरा झाला म्हणून मी देवाला नारळ फोडायचा, की तो कुणाच्या हातानं बरा झाला म्हणून जळायचं, ते मला कळेना. दोन्ही केलं.

मग ती नदी आली. तिकडं घाटाखाली कुठंसं राखीव जंगल, त्यातून वाहणारी. मंजिरीनं मोबाइलवर दाखवली आणि आक्काला वेड लागलं. वनखात्याची परवानगी काढायची, ते दाखवतील तिथंच तंबू ठोकायचा, चूल पेटवायची नाही, पाण्यात साबण घालायचा नाही, नेलेलं सगळं परत आणायचं, शेंगांची फोलपटंसुद्धा. मी म्हटलं, "इतका सोवळेपणा तर तुजी सासूबी करत नव्हती." ती हसली. म्हणाली, "सुमे, त्या नदीवर धरण न्हाय. वरपासनं खालपतुर कुणी आडवली न्हाय तिला. आमचं गाव आडलेल्या पान्यात गेलं. मला येकदा सुटलेलं पानी बगायचंय."   त्या दिवसापासून त्या नदीला मी माझी सवत म्हणू लागले, तिच्या तोंडावर. "सवतीकडं जाताना भाकरी कडक करून द्यायची का मऊ?" असं विचारायची, आणि ती तितक्याच गंभीरपणानं सांगायची, "कडक. दोन दिस टिकाया पायजेत. चटणीत लसून जरा जास्त घाल, मंजिरीला आवडतो." मंजिरीला आवडतो! त्या रविवारी उजनीवर न्यायला दिलेल्या चटणीत मी लसूण घातलाच नाही.

घरी सराव चालायचा तो ओसरीतल्या बाजेवर. पुढं ती, मागं मी, दोघींच्या हातात एकेक सोललेला ऊस. ती ओरडायची, "डावं! उजवं! आगं ताल धर, नाय तर उलटी व्हईल." आमचे हे अंगणातून विचारायचे, "कुटवर पोचला? इंदापूर आलं का?" हसून हसून माझ्या डोळ्यांना पाणी यायचं, आणि त्या हसण्यातच एक दिवस तोंडातून निघून गेलं, "सरावाला मी, आन नदीला ती व्हय?" आक्कानं ऊस मांडीवर ठेवला. मागं वळली नाही. मग तो उचलून पुन्हा म्हणाली, "डावं."

पळसदेवला शेवटचं निघायच्या आदल्या संध्याकाळी तिचं वेगळंच चाललं होतं. पाण्यात पाय घालायच्या आधी नदीची ओटी भरायची हे तिचं लहानपणापासूनचं. वडलांच्या होडीतही ती पाण्याला तांदूळ वाहिल्याशिवाय बसायची नाही. आणि ही राखीव नदी, तिच्यात नारळ टाकायचा नाही, खण सोडायचा नाही, तांदळाचा दाणा नाही. "मंग रिकाम्या हातानं जाऊ व्हय पैल्यांदा कुनाच्या दारात?" बराच वेळ चुळबुळ केली आणि मला म्हणाली, "पाटावर बस. तिच्या नावानं तुजी भरते." आमच्याकडं नवरा गेलेली बाई ओटी भरत नाही, पण आक्कानं तसलं कधी मनावर घेतलं नव्हतं आणि मीही घेतलं नाही. पदर पुढं केला. तिनं खण ठेवला, नारळ ठेवला, ओंजळीनं तांदूळ घातले, आणि मला वाकून नमस्कार केला. थोरली जाऊ धाकटीला! मी मागं सरकले. "आगं माजी सवत म्हनते मी तिला, आन तू मलाच ती केलीस?" "तुला करू न्हाय तर कुनाला?" म्हणाली.

मग मला राहवलं नाही. पदरातलं सांभाळत विचारून टाकलं, "आक्का, मला का न्हाय इचारलंस गं? मी भ्याली असती, पर आली असती." ती हसली नाही. माझ्या कपाळाचं कुंकू जरा पसरलं होतं, ते बोटानं नीट केलं. "तूबी आलीस तर परत येऊन सांगू कुनाला? मला सांगायलाच जायचंय की गं."

सकाळी ती एसटीनं पळसदेवला गेली. नदीवर जायच्या आधी मंजिरीबरोबर दोन दिवस पाण्यावर हात बसवायचा होता. पुढचं वर लिहिलंय.

आता मंजिरी, तू म्हणतेस परवानगी हातात आहे, पण आक्काशिवाय जाणार नाही. आक्काशिवाय मी रोज उठतेय, म्हशींच्या धारा काढतेय, तू एक नदी करू शकत नाहीस? तिनं मला जे येऊन सांगायचं होतं ते अडून राहिलंय, आणि ते आणणारी आता तूच उरलीस. मला हे आवडत नाही. पण दुसरं कुणी नाही.

तुझं लाईफ जाकीट आक्काच्या खोलीत खुंटीवर आहे. भावानं तिच्या सामानाबरोबर आणून दिलं. पट्टे तिच्या छातीच्या मापानं आवळलेत तसेच आहेत. दार लावून एकदा अंगात घालून पाहिलं, मला होत नाही. पट्टे सोडले असते तर झालं असतं... सोडले नाहीत. ते तुला परत मिळायचं नाही, सांगून ठेवते. दुसरं घे.

आणि नदीवरून थेट हितं ये. बारामतीला जाऊन, अंघोळ करून, चांगले कपडे घालून नको, ओल्या पायांची ये. सुटलेलं पाणी कसं वाजतं, कुठं वळतं, रात्री तंबूत ऐकू येतं का, सगळं बस आणि सांग, मी मधे बोलणार नाही. पुढच्या खळग्यात कुणाला बसवलंस तेवढं मात्र सांगू नकोस. ये बाई, लवकर ये.