मोटर बंद होती ते दोन दिवस

माझे वडील इंदूर संस्थानच्या मोटारखान्यात ड्रायव्हर होते. आम्ही त्यांना दादा म्हणायचो. संस्थान मध्यभारतात विलीन झालं, मोटारखान्यातल्या बऱ्याच गाड्या लिलावात निघाल्या, आणि दादांनी त्यांतलीच एक जुनी लॉरी घेतली. तिच्यावर लाकडी बॉडी चढवून, बाकं ठोकून त्यांनी इंदूर ते देपालपूर प्रवासी मोटर सुरू केली. आम्ही इंदुरात स्नेहलतागंजात दोन खोल्यांत राहत होतो. माझी थोरली बहीण, ताई, देपालपुरातच दिली होती. जिजाजी तिथल्या शाळेत मास्तर होते. दादा रोज तिच्या गावाला जायचे आणि परत यायचे, त्यामुळे ती सासरी गेली असं मला पहिले काही महिने वाटलंच नव्हतं. ती दादांच्या हाती भाजी पाठवायची, मी चिठ्ठ्या पाठवायचे.

मी पंधरा वर्षांची होते तेव्हा पेट्रोलचा भाव चढला. तो आधीही चढला होता, पण या वेळी भोपाळकडून आलेला एक प्रवासी मोटरीत म्हणाला की आपल्याकडे टॅक्सही जास्त आहे, आणि ते वाक्य दादांच्या डोक्यात बसलं. टॅक्स म्हणजे सरकार. सरकार म्हणजे मंत्री. इतकं ते सरळ होतं.

देपालपूर रस्त्यावर गाड्या चालवणारे चार मालक होते. चौघांनी आमच्या आमदारांना घरी बोलावलं. आमदार सरकारी पक्षाचेच होते. ते आमच्या पुढच्या खोलीत पलंगावर बसले, बाकीचे सतरंजीवर. मी चहा नेऊन दिला आणि दाराशी उभी राहिले.

"दादाजी, पेट्रोल काय आपल्या माळव्यात निघतं का?" आमदार म्हणाले. "जहाजातनं येतं. तिकडे इराणात भांडण होतं, इकडे भाव चढतो. त्यात बिचारा मंत्री काय करणार?"

"टॅक्स तर तुमचाच आहे," दादा म्हणाले.

"तो जरासा. त्यानं काय फरक पडतो?"

"जरासा आहे तर काढून टाका की."

सगळे हसले. आमदारही हसले, चहा संपवला आणि उठले. ते गेल्यावर एक मालक म्हणाला, "भिया, हे असे नहीं मानेंगे." तेव्हा दादा म्हणाले की दोन दिवस गाड्या उभ्या करू. चारही. एकही मोटर निघायची नाही. बाकीचे तिघे थोडे कचरत होते. कापणी झाली होती, प्रवासी भरपूर होते. दादांनीच त्यांना तयार केलं. ते मी ऐकलं आहे. हडताल दादांची होती.

ताईला आठवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण, म्हणून तिला त्याच आठवड्यात माहेरी आणायचं ठरलं होतं. आईनं विचारलं, "मग पोरीला कधी आणायचं?"

"दोन दिवसांनी. हडताल संपली की पहिल्या फेरीत घेऊन येतो."

"आजच आणली असती."

"दोन दिवसांनी काय बिघडतं?" दादा म्हणाले. आईलाही त्यात काही बिघडेल असं वाटलं नाही. मलाही नाही.

पहिला दिवस चांगला गेला. चारही मोटरी मोटर-अड्ड्यावर एका रांगेत उभ्या होत्या आणि मालक सावलीत पत्ते खेळत होते. मी दादांचा डबा घेऊन गेले तेव्हा ते मला कितीतरी दिवसांनी मोकळे दिसले. लोक येऊन चौकशी करायचे आणि परत जायचे. काही चिडायचे. दादा त्यांना समजावून सांगायचे की आमच्यावर नको, मंत्र्यावर चिडा.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिजाजींच्या शाळेतला शिपाई सायकलवरून आमच्या घरी आला. त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. तो म्हणाला, बाईंना सकाळपासून रक्त जातंय, मास्तरांनी त्यांना बैलगाडीत घालून इंदूरकडे काढलंय, तुम्ही मोटर घेऊन पुढे या. आईनं मला अड्ड्यावर पिटाळलं.

मी सांगितलं ते दादांनी एकदाच ऐकलं. पत्ते हातातच होते. ते त्यांनी नीट, उलटे करून सतरंजीवर ठेवले आणि मोटरीकडे गेले. बाकीच्या तिघांतल्या एकानं पुढे उभी असलेली आपली गाडी बाजूला घेतली. दादांनी हँडल मारून गाडी सुरू केली, मी त्यांच्या शेजारी बसले. मला उतर म्हणायचं त्यांना सुचलं नाही.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना काळी रानं होती. अर्ध्याहून थोडं पुढे बैलगाडी दिसली. जिजाजी बैलांच्या पुढे चालत होते, जणू त्यानं बैल लवकर चालणार होते. ताई गोधडीत होती. तिनं मला ओळखलं. "तू शाळेत नाही गेलीस?" तिनं विचारलं. मी म्हणाले, आज सुट्टी आहे. सुट्टी नव्हती. आम्ही तिला उचलून मागच्या लांब बाकावर निजवलं आणि मी तिचं डोकं मांडीवर घेतलं.

ती इंदूर यायच्या आधी गेली. नक्की कुठे ते मला सांगता येणार नाही. मोटर हादरत होती, तिचं डोकंही हलत होतं, त्यामुळे मला कळलं नाही. जिजाजींना कळलं. त्यांनी ते दादांना सांगितलं नाही. दादा तशीच गाडी पळवत दवाखान्यापर्यंत घेऊन गेले. डॉक्टरांनी पाहिलं, हात धुतले. जिजाजींनी विचारलं, लवकर आणली असती तर? डॉक्टर म्हणाले, सांगता येत नाही.

मी रडले नाही. घरी बायका म्हणाल्या, पोरीला धक्का बसलाय, रडवा तिला. त्यांनी प्रयत्न केला. मला फक्त मांडी जड वाटत होती, आणि ते बरेच दिवस तसंच राहिलं.

तेराव्याच्या आधी एक दिवस आमदार भेटायला आले. ते त्याच पलंगावर बसले आणि म्हणाले, "दादाजी, मी मंत्र्यांशी बोललोय. तुमच्या मुलीचं बलिदान वाया जाणार नाही."

बलिदान हा शब्द मी पुस्तकात वाचला होता. ताईसाठी तो वापरता येतो हे मला नवीन होतं. दादांनी मान हलवली. आमदार गेल्यावर मात्र ते खोलीत येरझारा घालत म्हणाले, "मंत्र्यानं माझी पोर नेली. भाव चढवला नसता तर गाडी बंद झाली नसती."

आई तांदूळ निवडत होती. वर न बघता तिनं विचारलं, "गाडी मंत्र्यानं बंद केली होती का?"

एवढंच. तिनं पुन्हा हा विषय काढला नाही, आणि दादांनी तिच्यासमोर मंत्र्याचं नाव घेतलं नाही. ते अड्ड्यावर घ्यायचे. येणाऱ्या जाणाऱ्या प्रत्येकाला सगळी हकीगत सांगायचे आणि शेवटी मंत्र्यावर यायचे. लोक ऐकून घ्यायचे. पुढे पुढे लोक मोटरीत चढले की दादांपासून लांब, मागच्या बाकांकडे जायला लागले.

काही महिन्यांनी पेट्रोल उतरलं. थोडंसंच, पण उतरलं. आमदारांनी अड्ड्याजवळ सभा ठेवली आणि मालकांच्या वतीनं त्यांना हार दादांनी घालायचा असं ठरलं. मी आणि आई बायकांत बसलो होतो. आमदार म्हणाले की मी मंत्र्यांच्या मागे लागलो, तेव्हा कुठे भाव उतरला. मग त्यांनी ताईचा उल्लेख केला. नाव चुकीचं घेतलं.

दादा हार घेऊन पुढे गेले. हार घातला. मग तिथेच उभं राहून, माईक नसतानाही सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "साहेब, चढला तेव्हा तुम्ही म्हणाला होतात, जहाजातनं येतं. मग उतरला तो कुठनं आला?"

कुणीतरी हसलं. आमदारांनी दादांच्या पाठीवर हात ठेवला आणि टाळ्या सुरू झाल्या. दादा खाली येऊन बसले. त्यांनी बाजी मारली असं लोक नंतर म्हणत होते. मला तेव्हा वाटलं, आमदार चढलेला भाव जहाजावर घालतात आणि उतरलेला स्वतःकडे घेतात. दादा चढलेला मंत्र्यावर घालतात, आणि उतरलेल्याचं श्रेय त्याला देत नाहीत. दोघांचं सारखंच होतं.

त्या वर्षाअखेर दादांनी मोटर विकली आणि एका वर्कशॉपमध्ये कामाला लागले. जिजाजींनी देपालपूर सोडलं. ते सणाला पत्र पाठवायचे, मग त्यांचं दुसरं लग्न झालं आणि पत्रं थांबली. मॅट्रिकनंतर मला पुरवठा खात्यात कारकुनी मिळाली. तिथे माझ्या टेबलावरून पेट्रोलचे कागद जायचे. मी ते वाचायला लागले, कामापुरते आणि कामापेक्षा थोडे जास्त. कंपन्यांचा भाव होता, जहाजाचं भाडं होतं, दिल्लीची ड्यूटी होती, राज्याचा टॅक्स होता. राज्याचा वाटा खराच जरासा होता. पण होता. आणि तो ठरवणाऱ्या माणसाला चढउतार आपल्या हातात नाही हेही ठाऊक असणार, आणि लोकांना काय सांगायचं हेही.

एका रविवारी जेवताना मी हे दादांना सांगितलं. आई तेव्हा देवळात गेली होती, म्हणूनच सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकलं. "म्हणजे कोणाचाच दोष नाही?"

"थोडा थोडा सगळ्यांचा आहे, दादा."

"मंत्र्याचा?"

"थोडा."

"आणि माझा?"

मला उत्तर देता आलं असतं. त्यासाठीच मी इतके कागद वाचले होते की काय, कोण जाणे. मी त्यांच्या पानात वरण वाढलं.

"थोडा थोडा मला नको," दादा म्हणाले. "एक तर पूर्ण त्याचा, नाही तर पूर्ण माझा."

ते वरणभात कालवून जेवले, हात धुतले आणि वामकुक्षीला गेले. आईनं आल्यावर विचारलं, जेवले का नीट? मी म्हणाले, हो, जेवले.