उसाचा जीन आणि चौगुले सरांचे पेढे

प्रयोग फसला की रिझल्ट मिळत नाही, किस्सा मात्र हमखास मिळतो. त्या हिशेबानं आमच्या लॅबइतकी श्रीमंत लॅब अख्ख्या महाराष्ट्रात नसेल! चहाला जुनी माणसं जमली की एकातून दुसरा निघतोच.

दोन हजारच्या अलीकडची-पलीकडची वर्षं. कोल्हापुरात चौगुले सरांच्या हाताखाली वैशाली आणि मी पीएचडी करत होतो. तोडलेल्या उसातली साखर फोडणारं एक प्रोटीन असतं. त्याच्या जीनमधलं एकच अक्षर बदलायचं आणि प्रोटीन मंदावतं का ते बघायचं. अक्षर बदलणं वैशालीकडे, पुढचं माझ्याकडे. तिची फेलोशिप संपत आलेली, आणि जीन काही बदलत नव्हता. तो बदलला नाही तर तिची सगळी वर्षं पाण्यात. हे ठाऊक होतं म्हणूनच आम्ही जरा जास्त हसायचो.

*

माझ्या कागलच्या काकांना हे समजावताना माझा घसा बसला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"मग एकरी टनेज किती वाढलं?"

"काका, अजून उसात नाही घातला. बॅक्टेरियात आहे."

"व्हय? मग त्या बॅक्टेरियाची लावण कवा?"

*

जीन बदलायला लागणारं एन्झाइम बंगलोरहून रात्रीच्या बसनं यायचं, बर्फ भरलेल्या थर्माकोलच्या डब्यात. गरम झालं की मेलं! एकदा सकाळी आम्ही धावत स्टँडवर पोचलो, तर डबा पार्सलवाल्याच्या दारात, झाकण काढून, उन्हात!

"अहो, हे काय केलंत?" वैशाली किंचाळली.

"वरडताय कशाला ताई? आत गारठून दगड झालतं. तुमचं नुकसान नगं म्हणून उन्हात ठेवलं की!"

वर त्यानं चहाही पाजला. नाही म्हणता येईना.

*

सर म्हणजे घाईचा माणूस. रिझल्टच्या आधी बातमी! एकदा वार्ताहर बोलावला. तो म्हणाला, "सर, जीन हातात धरा, फोटो घेतो." सरांनी गंभीर चेहऱ्यानं एक ट्यूब उजेडाकडे धरली. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो.

"सर, ट्यूब रिकामी होती ओ," वैशाली म्हणाली.

"असू दे की! भरलेली असती तर काय दिसणार हुतं?"

शास्त्रीयदृष्ट्या अगदी बरोबर.

*

थंडीत सरांच्या घरी दही लागेना. मग वहिनींचं विरजण आमच्या उबदार इन्क्युबेटरमध्ये, वैशालीच्या बॅक्टेरियाच्या प्लेटांशेजारी! सकाळी प्लेटांवर एक ठिपका नाही, दही मात्र सुरीनं कापावं असं. वैशाली रडकुंडीला आली.

"लॅबमदी काय तरी वाढलं न्हवं?" सर म्हणाले. "घे, साखर घालून खा."

खाल्लं आम्ही. हल्ली विद्यार्थ्यांना सेफ्टीवर लेक्चर देते, तेव्हा हे सांगत नाही.

*

खंडेनवमीला कोल्हापुरात नांगर, रिक्षा, लेथ, सगळ्यांची पूजा होते. मग आमच्या मशीननी काय पाप केलं होतं? सरांनी प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट ओढलं, हार घातले, नारळ फोडला. नंतर आम्ही सगळं पुसूनही काढलं.

दसरा झाल्यावर वैशालीनं शेवटचा प्रयत्न केला. जीन बदलला असेल तर जेलवर, म्हणजे जेलीच्या पातळ वडीवर, एक जादा पट्टी चमकते. त्यासाठी जेल यूव्हीच्या पेटीवर, काळ्या काचेवर ठेवायचं आणि अंधार करायचा. केला. आणि पट्टी! बरोब्बर हवी तिथं, ठसठशीत!

वैशाली हमसून रडायलाच लागली. मलाही आवरेना. सरांनी थेट उचगावला तिच्या वडिलांना फोन लावला. "आबा, पोरगी डॉक्टर झाली!" तासाभरात आबा पेढे घेऊन हजर. सरांनी ते अख्ख्या डिपार्टमेंटला वाटले.

आबांना पट्टी बघायची होती. सरांनी पुन्हा अंधार केला, यूव्ही लावला. आबांनी हात जोडले. त्यांना नीट दिसावं म्हणून वैशालीनं जेल अलगद उचलून त्यांच्यापुढं धरलं.

जेल तिच्या हातात. पट्टी काचेवरच!

सरांनी पट्टीवरून बोट फिरवलं, नाकाशी नेलं.

"हळद हाय. यूव्हीत ती बी चमकती."

वैशाली जेल हातात घेऊन तशीच उभी. सरांनी घसा खाकरला. "हे बघ, पेढे वाटून झाल्यात. आता जीनला बदलायलाच लागतंय!"

आबांनी खुर्ची ओढली आणि बसले.

"लाव परत. मी हाय हितंच."