भरतीपूर्वीचा कान

माझ्या ठाण्यातल्या टायपिंगच्या दुकानात ते निवृत्त फौजी काका आले की आधी खुर्ची उचलून माझ्या डाव्या हाताला ठेवतात. त्यांना ऐकू येतं ते फक्त उजव्या कानानं, आणि तेही थोडंफार.

"डावा तोफेनं खाल्ला!" हे ते अख्ख्या रस्त्याला कळेल एवढ्या मोठ्यानं सांगतात. लष्कराचं म्हणणं, कानाचा दोष भरतीच्या आधीचाच, म्हणून अपंगत्वाचं पेन्शन नाही. पहिलं अपील फेटाळलं. आता दुसरं.

भरतीच्या तपासणीत दोन्ही कान ठीक असल्याची नोंद आहे, एवढं वकिलांनी लिहून दिलं होतं. ते मी टाइप केलं. काकांना तेवढं पुरेना.

"ताई, अजून एक टाका. कोलशेतच्या खाडीत मी होडीवर असलो तरी आये बांधावरून हाक मारायची, ती माना आयकू यायची."

"काका, वकील खोडतील. गेल्या वेळीही खोडलं होतं."

"खोडू दे. तुम्ही टाका."

मी ते वाक्य इंग्रजीत बसवलं आणि सहज विचारलं, "हाक कशी मारायच्या हो त्या?"

त्यांनी डोळे मिटले. सदा ओरडून बोलणारा हा माणूस "ये रं बाला" इतक्या हळू म्हणाला, की ऐकायला मलाच वाकावं लागलं.

"एवढ्या हळू?"

"तिला कधी ओरडावंच नाय लागलं."

मी त्या वाक्यात 'हळू' हा शब्द वाढवला. वकिलांना खोडायचा तर खोडू दे.