पहिलं पाणी

खळमावशी हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण वेदीवरच्या रुमालांना ती अशी कडक खळ करायची की नवे फादर एकदा म्हणाले, हा रुमाल भिंतीला टेकवला तर उभा राहील. तेव्हापासून सगळी पॅरिश, म्हणजे त्या चर्चची सगळी माणसं, तिला खळमावशी म्हणू लागली आणि तिनेही नाक मुरडत का होईना, ते चालवून घेतलं.

पॅरिश वाढली ती तिच्या डोळ्यांदेखत. आधी टायरच्या भाड्याच्या गोदामात, रबराच्या वासात मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, व्हायची. मग लोकांनी पोटाला चिमटा काढून छोटं चर्च उभारलं. पुढे कारखाने आले, कामाच्या शोधात कुठली कुठली माणसं आली. एकाचं बोलणं दुसऱ्याला धड कळायचं नाही, पण रविवारी सगळी एकाच दारातून आत शिरायला धडपडायची. बाकं पुरेनात. निम्मे लोक बाहेर उन्हात उभे राहून आतल्या प्रार्थनेला ‘आमेन’ म्हणायचे. दारात ताटकळणारा प्रत्येक माणूस म्हणजे आपली चूक आहे, चर्च वाढवायलाच हवं, असं नवे फादर प्रवचनात सांगायचे. मावशी मान डोलवायची आणि मनात म्हणायची, बोलायला काय जातंय.

कारण तिचं स्वतःचं लेकरू दाराबाहेरच होतं.

जन्मलं तेच निपचित, रडलंच नाही. बाप्तिस्मा झालेला नाही म्हणून तेव्हाच्या म्हाताऱ्या कबर खोदणाऱ्याने दफनभूमीत जागा द्यायचं नाकारलं. नवऱ्याने भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, ते साबणाच्या खोक्यात घालून चर्चच्या मागच्या भिंतीबाहेर पुरलं. सासूने बजावलं, ज्याला नाव नाही त्याच्यासाठी रडायचं नाही. मावशी रडली नाही. तिने वेदीवरची कापडं धुण्याचं काम तेवढं मागून घेतलं.

त्या कामाला एक नियम होता. रुमालावर ख्रिस्तप्रसादाचा, म्हणजे ख्रिस्ताचं शरीर मानलेल्या भाकरीचा, एखादा कण राहिलेला असू शकतो, म्हणून धुण्याचं पहिलं पाणी गटारात ओतायचं नाही, मातीत जाऊ द्यायचं. त्यासाठी चर्चमागच्या खोलीत एक छोटं कुंड होतं, त्याची नळी थेट जमिनीत उतरायची. मावशी मात्र पाणी पातेल्यात घेऊन भिंतीबाहेर जायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, मेली नळी तुंबते. नळी बिचारी जन्मात कधी तुंबली नव्हती. लेकराला देवाच्या घरात घेत नाहीत ना, मग देवाचाच कण बाहेर नेऊन त्याला भरवायचा, असा मावशीचा सरळ विचार होता.

पाणी ओतलं की जमीन ते झटकन पिऊन टाकायची. खाली जाताना आवाज यायचा, तान्ह्या बाळाच्या घशात दूध उतरताना होतो तसा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा ती पातेलं तिथेच टाकून पळाली. मग सवय झाली, आणि मग तो ऐकल्याशिवाय तिला घास गोड लागेना.

एकदा ती तापाने आडवी झाली. शेजारणीने कापडं धुतली आणि पाणी कुंडात ओतलं. बरी होऊन मावशीने कपाट उघडलं, तर इस्त्री केलेल्या रुमालावर ओला पंजा उमटलेला. तिच्या अंगठ्याएवढा, पाचही बोटं स्पष्ट. तिने इस्त्री फिरवली. डाग वाफ होऊन गेला आणि तिच्या डोळ्यांसमोर परत उमटला. भिंतीबाहेर पाणी नेऊन ओतलं तेव्हा कुठे रुमाल सुकला. पुढे काही वर्षांनी भाचीच्या लग्नाला जाऊन आली, तर पुन्हा पंजा होता, पण आता शाळेत जाणाऱ्या पोराचा. लेकरू वाढतंय हे तिला कळलं. आनंद मानावा की धसका घ्यावा ते कळेना, म्हणून तिने दोन्ही केलं. सांगणार तरी कुणाला? सासू गेली होती, नवराही गेला होता.

आणि आता चर्च वाढायचं ते नेमकं मागच्या बाजूला. ठेकेदाराने भिंत पाडली, पत्रे ठोकून जागा बंद केली. सोमवारी पायासाठी यंत्र येणार होतं. मावशीचं पाणी पातेल्यात तसंच राहिलं. शनिवारी दुपारी तिने कपाट उघडलं. सगळ्यात वरच्या रुमालावर पंजा होता. तिने शेजारी आपला हात ठेवून पाहिला. पंजा तिच्या हाताहून मोठा होता.

ती तशीच फादरांच्या ऑफिसात गेली.

“यंत्र थांबवा,” ती म्हणाली. “तिथे माझं लेकरू आहे.”

फादरांनी तिला बसवलं. तिने सगळं सांगितलं, नळीची थापसुद्धा. पंजाचं तेवढं गिळलं, कारण म्हातारीला भ्रम झाला म्हणून काम काढून घेतलं असतं तर ती कुठे जाणार होती? अशा बाळांना आता चर्च रीतसर निरोप देतं, दफनभूमीत जागाही देतं, हे फादरांनी समजावलं.

“त्याला बाहेर ठेवलं ही आमची चूक, मावशी,” ते म्हणाले. “आपण त्याला आत आणू.”

सोमवारी यंत्राच्या आधी कुदळ आली. कबर खोदणारा त्या म्हाताऱ्याचाच नातू. तो हळूहळू, हाताने माती बाजूला करत होता. खोकं लागलं नाही, हाड लागलं नाही, साधा खिळाही नाही. खाली ओल्या मातीत एक पोकळी होती. मोठा माणूस पाय पोटाशी घेऊन झोपेल एवढी, आतून हात फिरवल्यासारखी गुळगुळीत. खोदणारा दोन पावलं मागे सरला.

“इथून कुणीतरी उठून गेलंय,” तो म्हणाला.

फादरांनी तरीही प्रार्थना म्हटली. नाव विचारलं, तेव्हा मावशीने ते त्यांच्या कानात सांगितलं. तिथली मूठभर माती छोट्या पेटीत भरून दफनभूमीत ठेवली. सगळं यथासांग झालं आणि मावशी रित्या हाताने घरी आली. पाणी आता ती कुंडात ओतायची. नळीतून नुसता पाण्याचा आवाज यायचा. रुमाल कोरडे राहायचे. तिने रोज कपाट उघडून बघितलं, आणि रोज तिचा जीव तुटला.

नव्या भागाचा आशीर्वाद झाला त्या रविवारी चर्च पुन्हा तुडुंब भरलं. पूर्वी जिथे भिंत होती तिथल्या बाकावर मावशी बसली होती. तिच्या शेजारी एकाची जागा मोकळी होती, पण कुणी तिथे बसेना. एक पोरगी बसायला आली आणि, “माफ करा, जागा रिकामी वाटली,” असं त्या जागेकडे बघून म्हणत पुढे निघून गेली. मावशीने वळून पाहिलं. कुणीच नव्हतं.

एकमेकांना शांती द्या, असं फादर म्हणाले. सगळे वळून शेजाऱ्याचा हात हाती घेऊ लागले. रिकाम्या जागेपुढे नुसतं कसं बसायचं, म्हणून मावशीने ओशाळत हात पुढे केला.

तो धरला गेला. मोठ्या, गार, ओल्या हाताने, आणि घट्ट.

तिला भीती वाटली. तरी तिने हात सोडवून घेतला नाही. “शांती,” ती म्हणाली, आणि मग हळूच ते नाव.

मिस्सा संपल्यावर बाकं पुसणाऱ्या बाईला मावशीशेजारी पाणी साचलेलं दिसलं. पुटपुटत तिने ते फडक्यात टिपून घेतलं आणि ती बादलीकडे वळली, तशी मावशीने तिचं मनगट धरलं.

“ते गटारात नको जायला,” ती म्हणाली. “मातीत पिळ.”