साहेब येईपर्यंत

माझी शेवटची पोस्टिंग घराजवळ आली. आसाम, राजस्थान, हिमाचल फिरून झाल्यावर सुभेदार म्हणून मी आपल्याच शहरातल्या छावणीत हजर झालो. माझ्या प्लाटूनमध्ये नाईक सुदाम होता. गाव वेरूळ. बाप लहानपणीच गेलेला, आई घृष्णेश्वराच्या देवळाबाहेर बेल-फुलं विकते. सुदाम बोट चालवायचा. बोटीच्या मागं जे इंजिन लावतात त्याला आम्ही ओबीएम म्हणतो. ते इंजिन त्याच्या हातात असलं की मला काळजी नसायची. त्याच्या तोंडाची मात्र कायम असायची.

फौजेत एक रीत आहे. ऑर्डर सांगून झाली की अफसर विचारतो, "कोई शक?" आणि सगळे एका सुरात ओरडतात, "नहीं साहब!" ही रीत कुणी येड्यानं नाही पाडली. चुकीच्या ऑर्डरीनं माणूस मरतो, म्हणून विचारायचं असतं. पण होता होता त्याचं भजनातलं पालुपद झालं. विचारणारा उत्तर ऐकायला थांबत नाही, उत्तर देणारा प्रश्न ऐकत नाही. सुदाम मात्र हात वर करायचा. "शक है साहब." कधी दोराच्या लांबीवरून, कधी जेवणाच्या वेळेवरून. लंगरमध्ये जेवताना पोरं त्याला चिडवायची. मीही एकदा झापलं.

"सुदाम, उद्या लग्नात भटजीलाबी शक विचारशील."

"तवा पहिला शक नवरीच काढंल साहेब, माझं तोंड बघून."

सगळी बराक हसली. राग धरावा असा माणूसच नव्हता तो.

पावसाळा सरता सरता शिवना नदी फुगली. लासूर स्टेशनच्या पुढं नदीकाठी एक वस्ती आहे. तिथल्या शाळेच्या स्लॅबवर अकरा माणसं अडकली. कलेक्टर ऑफिसातून फौजेची मदत मागितली गेली आणि आमचा कॉलम, म्हणजे मदतीची तुकडी, निघाला. नऊच्या सुमाराला आम्ही काठावर पोचलो. पाणी शाळेच्या खिडक्यांच्या खाली होतं, ओढ फार नव्हती. दहा मिनिटांत बोट पलीकडं गेली असती. सुदाम आणि सिपाही बलविंदरनं बोट पाण्यात ढकलली, इंजिन चालू झालं.

तेवढ्यात तहसीलदार पळत आले. "थांबा, थांबा! साहेब निघालेत."

साहेब म्हणजे आमच्या भागातले पुढारी. नाव घेत नाही. नाव घेतलं की त्यालाही त्यांची माणसं प्रसिद्धीच समजतात. तर साहेबांना स्वतः बोटीत बसून माणसं काढायची होती. सोबत कॅमेरेवाले. आमच्या कॅप्टनलाही वरून फोन आला. सव्वीस वर्षांचं पोर होतं ते. त्यानं आम्हाला गोळा केलं.

"व्हीआयपी आने तक बोट होल्ड करेगी. कोई शक?"

"शक है साहब," सुदाम म्हणाला. "पानी चढ़ रहा है."

"ऑर्डर है, नाईक."

"किसका ऑर्डर है, साहब?"

कॅप्टननं इंजिन बंद करायची खूण केली. बोट थांबली.

आता काठावर कोण कोण होतं ते सांगतो, कारण माझा खरा संताप तिथंच आहे. तहसीलदार होते. तलाठी, सरपंच, चार पोलीस होते. गावातली शंभरेक माणसं होती. ट्रॅक्टर होते, दोर होते, पट्टीचे पोहणारे होते. पाणी वर येतंय हे सगळ्यांना दिसत होतं. कुणाच्या डोक्याला बंदूक लावलेली नव्हती. तरी सगळे हाताची घडी घालून उभे. तहसीलदारांना बदलीची भीती, सरपंचाला घरकुलं अडकायची. आणि बाकीच्यांना? बाकीच्यांना काय भीती होती ते मला आजपर्यंत कळलं नाही.

त्यात एक जण होता, त्याची बायको आणि दोन लेकरं त्या स्लॅबवर होती. मी त्याला म्हणालो, "अरे बाबा, तू तरी ओरड. तहसीलदाराची गचांडी धर."

तो म्हणाला, "साहेब येणारेत म्हणतेत ना. एवढी मोठी माणसं थांबलीत, म्हंजी कायतरी असंलच."

स्वतःची लेकरं समोर हात हलवत होती आणि हा म्हणतो कायतरी असंलच! मी कानशिलात मारणार होतो. मग त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि हात खाली घेतला. आपल्याला काही विचारायचा हक्क आहे, हे त्याला जन्मात कुणी सांगितलंच नव्हतं.

तास गेला. दुसरा निम्मा झाला. खिडक्या बुडाल्या. पाण्यातून आता झाडं वाहत येत होती. स्लॅबवरची एक बाई लुगड्याचा पदर हलवत होती. काही वेळानं तिनं तेही सोडलं आणि खाली बसली.

सुदाम माझ्याजवळ आला. "साहेब, मी जातो. तुमी फकस्त नाय म्हणू नका."

मी कॅप्टनकडं गेलो. म्हणालो, "साहब, बोट भेज रहा हूँ."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग फोन कानाला लावला आणि मला हळू म्हणाला, "साब, मैं फोन पे हूँ. मेरी पीठ आपकी तरफ है." आणि वळला.

पाठ फिरवण्याएवढीच हिंमत त्याच्यात होती. मी त्याला नावं ठेवत नाही. नाही, ठेवतो. का ठेवू नये?

मी सुदामला म्हणालो, "जा. ऑर्डर माझी."

वस्तीच्या माणसांसाठी नवी लाइफ जॅकेटं आणली होती. ती मागितली, तर कळलं, ती तहसीलदारांच्या जीपमध्ये आहेत, साहेबांसाठी आणि त्यांच्या माणसांसाठी बाजूला काढलेली. आणि जीप गेलीय हायवेला, साहेबांना घ्यायला. आमच्याकडची जुनी तेवढी घेऊन सुदाम निघाला.

पहिल्या खेपेला लेकरं, बाया असे सहा जण आले. दुसऱ्या खेपेला पाच राहिले होते. माझ्या हातात रेडिओ सेट होता, दुसरा सुदामकडं.

"पाचही बसले. निघालो. ओव्हर."

"जपून ये. ओव्हर."

अर्ध्या वाटेत इंजिनाचा आवाज बंद पडला. खाली बुडालेलं शेत होतं, कपाशीचं.

"पंख्यात ठिबकच्या नळ्या गुतल्यात. कापतो. ओव्हर."

बोटीच्या मागच्या कडेवरून तो ओणवा झालेला मला दिसला. अंगावर जॅकेट नव्हतं.

"जॅकेट कुठंय तुझं? ओव्हर."

"म्हातारीला दिलं. कमी पडलं. ओव्हर."

"बलविंदरला पाय धरायला सांग. ओव्हर."

उत्तर आलं नाही. बाभळीचं एक आख्खं झाड वाहत आलं आणि बोटीच्या मागच्या अंगाला आदळलं. बोट कलंडली, परत सरळ झाली. सुदाम बोटीत नव्हता. बलविंदरनं नळ्या कापल्या नाहीत, वल्ही मारली. रडत रडत मारली आणि पाचही माणसं काठाला आणली.

सुदाम दुसऱ्या दिवशी सापडला, खालच्या बंधाऱ्याला.

साहेब पुराच्या दिवशीच आले. वाचलेल्या माणसांसोबत फोटो काढून गेले. पुढं चौकशी झाली. विचारलं, बोट कुणी सोडली? मी सांगितलं, मी. मला लेखी ताकीद मिळाली. बोट कुणी थांबवली हे कुणी विचारलंच नाही.

आता मी रिटायर होऊन उस्मानपुऱ्यात राहतो. सकाळी फिरायला येणारी चांगली शिकलेली, पेन्शनवाली माणसं मला म्हणतात, "सुभेदार साहेब, या देशाला मिलिटरीची शिस्त पाहिजे. सांगितलं की ऐकायचं!" माझी तळपायाची आग मस्तकात जाते. अहो, ऐकायला काय कमी आहे का इथं? त्या काठावर शंभर माणसांनी काय सुंदर ऐकलं! शिस्त सुदामकडं होती. समोरची माणसं मरू द्यायची नाहीत, ही त्याची शिस्त. बाकीच्यांकडं होती ती लाचारी.

वर्षानं वेरूळला त्याचं वर्षश्राद्ध झालं. गावानं मांडव घातला. स्टेजवर सुदामचा वर्दीतला मोठा फोटो, त्यावर पांढरं कापड. कापड काढायला कोण? तेच साहेब. कार्यक्रम दहाचा होता. साडेअकरा वाजले. ऊन डोक्यावर आलं. सुदामची आई पुढच्या खुर्चीत, मांडीवर फुलांची टोपली घेऊन बसलेली. हार तिनं स्वतः पहाटे गुंफला होता. फुलं माना टाकायला लागली.

ती उठली. संयोजक धावले. "मावशी, बसा. आलेच साहेब, टोलनाक्यापाशी आहेत."

"देवाच्या दारात बसती मी," ती म्हणाली. "तिथंबी आरती कुणासाठी थांबत नाय. लेकराला माज्या कापडाखाली कोंडून ठिवता व्हय?"

"मावशी, प्रोटोकॉल असतो..."

"त्यो काय असतो ते तुमचं तुमी बघा. त्यानं माजं पोरगं खाल्लं."

तिनं कापड ओढलं. हार घातला. मग मागून एक म्हातारी उठली. सुदामचं जॅकेट घालून जी काठाला आली, ती. तिनं फोटोपुढं डोकं टेकलं. तिच्यामागं तो दोन लेकरांचा बाप उठला, मग वस्तीतले सगळे, मग मी. निम्मा मांडव उठला. निम्मा बसूनच राहिला, हे पण लिहून ठेवतो. पुढच्या रांगेतलं तर कुणी हललं नाही.

आईनं फोटो खाली उतरवून घेतला. मी म्हणालो, "द्या मावशी, जड आहे."

"ऱ्हाऊ द्या साहेब," ती म्हणाली. "एवढा तरी मला उचलू द्या."

साहेब साडेबाराला आले. हातात मोठा हार होता, कॅमेरे होते, मांडवात बसलेली माणसं टाळ्या वाजवत होती. स्टेजवर रिकामं टेबल होतं. नाईक सुदाम आईसोबत घरी गेला होता.