डोक्यावरची पंचवीस मिनिटं

दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी दुकानाचं छत धडधडू लागलं की शिंप्याच्या पोटात दुखायला लागे. डॉक्टरांनी नवराबायकोला शेजारी बसवून सांगितलं होतं, रोज अर्धा तास छाती धपापेल असं काहीतरी करा, नाहीतर गोळ्या वाढतील. शिंपी तीन दिवस पहाटे चालला आणि चौथ्या दिवशी कंटाळला. सायकल घेतली होती, तिच्यावर आता टॉवेल वाळत होते.

बायको दातांच्या दवाखान्यात दिवसभर फोन घ्यायची. सकाळ-संध्याकाळ घरकाम मानगुटीवर, श्वास घ्यायला वेळ तो फक्त जेवणाच्या सुट्टीत. तेवढ्यात बसेल असा नाच तिने बरोबर हुडकला, तोही दुकानाच्या वरच्याच हॉलमध्ये. शिकवायला शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे मास्तर. पंचवीस मिनिटं नाच, दहा मिनिटांत डबा, की परत फोन. पहिल्या दिवशी वर जाताना ती काउंटरपाशी थांबून काहीतरी म्हणाली होती. शिंप्याच्या तोंडात टाचण्या होत्या. त्याने नुसता ‘जा, जा’ असा हात हलवला.

तेव्हापासून सहा महिने तो मशीनवर बसून छत ऐकत होता. चाळीस पावलांतून तिचं पाऊल त्याला ओळखू यायचं, डावं जरा उशिरा पडायचं. पण पावलांच्याही आधी यायचं ते तिचं हसणं. घरी ती इतकं मोकळं कधी हसली होती, ते आठवूनही आठवेना. मास्तर साठीचे, टक्कल पडलेले, तरी शिंप्याला त्यांचा हेवा वाटे. हॉलच्या फरशीचासुद्धा वाटे.

त्यात तिने नाचासाठी विजार मागितली. टेप लावल्याशिवाय कापडाला कात्री न लावणारा हा माणूस, पण बायकोचं माप तोंडपाठ. कंबर छत्तीस. धुसफुसतच त्याने कात्री चालवली.

दुसऱ्या दिवशी नाच अर्ध्यावर टाकून ती खाली आली, विजार मुठीत धरून. उडी मारताना घसरली होती. शिंप्याला क्षणभर बरं वाटलं, खोटं कशाला सांगा.

“माप कधी घेतलंत?” तिने विचारलं.

त्याने गळ्यातला टेप चाचपला.

“सहा महिने तुमच्या डोक्यावर नाचतेय मी. तुमच्याकडे अजून छत्तीसच.”

त्याने टेप लावला. तेहतीस. इतके दिवस दाबून ठेवलेलं त्याच्या तोंडातून निसटलंच.

“वर बरं हसायला येतं तुला. घरी नाही येत.”

तिने उलट विचारलं, “पहिल्या दिवशी मी काय म्हणाले होते?”

त्याला फक्त टाचण्या आठवल्या.

“मी नाचाला दोघांची नावं घातलीत, चला, म्हणाले होते. मास्तर अजून हजेरीत तुमचं नाव घेतात. रोज. मी सांगते, खाली तोंडात टाचण्या धरून बसलेत. त्यावर हसतो आम्ही.”

छत अजून धडधडत होतं. दहा मिनिटं उरली होती. शिंप्याने विजारीच्या कंबरेला घाईघाईने चार टाके घातले, टेप गळ्यातच राहू दिला आणि तिच्या मागोमाग जिना चढू लागला. अर्ध्या जिन्यातच त्याला धाप लागली.